लायलची हिरवी सेडान

६ ऑक्टोबर १९५२
आज गाडी सुरू केली. लायलला जाऊन सोळा दिवस झाले, तेव्हापासून दारात तशीच उभी होती. छताच्या आतल्या कापडावर त्याच्या हॅटचा तेलकट डाग. सीट त्याच्या वजनाने दबलेली. मी बसले की वाटतं, तो आत्ताच उठून गेलाय!

९ ऑक्टोबर
समोरून येणाऱ्या दोन शेतकऱ्यांनी हात वर केला. काचेत मी दिसले, तसा खाली घेतला. बियाणं विकत लायल याच गाडीतून हिंडायचा — अजून तोच चालवतोय असं वाटतं लोकांना. मलाही.

१२ ऑक्टोबर
गाडीच्या खणात नकाशा सापडला. ऐंशी मैलांवरच्या एका खेड्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. तिथे त्याचं एकही गिऱ्हाईक नाही. त्याची गिऱ्हाइकांची वही दोनदा पाहिली.
बाई असणार.

१३ ऑक्टोबर
बाईच होती. सत्तरीची.
नदीकाठची वस्ती, सगळी काळ्या लोकांची. गाडी थांबायच्या आत ती पायऱ्या उतरत होती — "आलास रे बाळा! किती वाट पाहायला लावलीस!" मी दार उघडलं. ती जागीच थांबली. डोळे थेट लायलचे.
'मी अनाथ, माझं कुणी नाही' असं सांगून त्याने माझ्याशी लग्न केलं. उजळ कातडीच्या जोरावर आठ वर्षं गोरा म्हणून राहिला. आणि आई इथे, काळी, जिवंत! आमच्या इंडियाना राज्याच्या कायद्याने गोऱ्या-काळ्यांचं लग्नच होत नाही.
"तू व्हर्ना ना? तो कुठाय?"
मला सांगावं लागलं. ती पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "कुठे पुरलंत? मला नाही ना येता यायचं तिथे?"
मी निघून आले. तिचं नाव ओडेसा.

१५ ऑक्टोबर
गाडीत बसून ओरडले, "मला का नाही सांगितलंस?" सांगितलं असतं तर मी राहिले असते? खरं लिहायचं तर — माहीत नाही. त्यालाही माहीत नसणार.

१९ ऑक्टोबर
ओडेसाला घेऊन आले. ती मागचं दार उघडत होती, मी तिला पुढे बसवलं. थडग्यापाशी तासभर होतो. परतताना दफनभूमीच्या फाटकात शेजारच्या मिसेस केस्लर भेटल्या — "नवी मोलकरीण वाटतं?"
"नाही," मी म्हणाले. "सासूबाई."