खाडीसाठी कोण रडणार

लागोस, ४ मार्च

ती. इबिसोमावशीस,
बेलेमाचा सा. न. वि. वि.

आपला छोटा चित्रपट जुळत आलाय. तू कालवं काढतेस, तेलाने काळी झालेली कांदळाची मुळं दाखवतेस, ते सगळं झकास आलंय. डागोगोमामाने मात्र कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे केलेत, ते कापावं लागलं. त्याला सांगू नकोस.

अडलंय ते शेवटावर. खाडीकडे बघून तू रडावंस असं लिहिलं होतं आणि तू ऐनवेळी होडीत जाऊन बसलीस. माझ्यासोबत चित्रपट करणारे लोक म्हणतात, बाई रडलीच नाही तर खाडी मेली हे बघणाऱ्याला कळणार कसं? पुढच्या महिन्यात परत येते. एकदा रडशील ना?

लोभ आहेच, या हट्टापायी कमी करू नकोस.
तुझी बेलेमा

टोबोकिरी, १५ मार्च

चि. बेलेमास,
अनेक आशीर्वाद.

डागोगोला सांगितलंच. रुसून दोन दिवस जेवला नाही, म्हणजे माझ्याकडे जेवला नाही.

तू विसरलीस, की मीच शिकवायची राहिले? वडीलधाऱ्यांनी ढोल वाजवून मरण जाहीर केल्याशिवाय आपल्यात कुणी रडत नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा ढोल वाजेपर्यंत आजी तोंडात कापडाचा बोळा धरून बसली होती. आधी रडणं म्हणजे जित्या माणसाला मारणं. खाडी गेली असं कुणी जाहीर केलंय? परवाच मूठभर कालवं मिळाली. तेलाचा वास येत होता, पण मिळाली. मी रडले तर तेलकंपनीवाले तोच तुकडा दाखवतील, म्हणतील गावची बाईच संपली म्हणतेय, मग साफ कशाला करायची? तुझ्या चित्रपटासाठी मी खाडीला मारणार नाही.

रागावलीस तरी वेळेवर जेवत जा.
तुझी मावशी, इबिसो

लागोस, २ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू होडीत जाऊन बसतेस तिथेच चित्रपट संपवला. परवा तो लोकांना दाखवला. एकाने विचारलं, बाई नुसतीच का बसलीये? मी म्हटलं, वाट बघतेय. खाडी साफ करायला माणसं येणार होती, ती आली का?

मामाला माझा नमस्कार सांग, रुसवा गेला असेल तर.
बेलेमा

टोबोकिरी, ९ ऑगस्ट

चि. बेलेमास,
आशीर्वाद.

माणसं आली होती. तेलावर वाळू पसरून गेली. मग तेलकंपनीचा तो तेलाचा नळ पुन्हा फुटला आणि उरलीसुरली कालवंही गेली. रविवारी गावप्रमुखांनी सगळ्यांना काठावर बोलावलं, ढोल वाजवायला लावला आणि खाडी गेली असं सांगितलं.

मग आम्ही बायका रडलो. डागोगो म्हणाला, ही नवऱ्याच्या वेळीही एवढी रडली नव्हती. खरं आहे. तो त्याच्या वयाने गेला, खाडीला मारलं.

ज्याच्यासाठी रडलो त्या पाण्यात आता कुणी उतरत नाही. सकाळी उठून कुठे जायचं ते मला कळत नाही. तुझ्या खोलीत एक चटई मावेल का, तेवढं कळव. न्यायला येशील तेव्हा एकटीच ये, कॅमेरा नको.

तुझी मावशी,
इबिसो