विमानाचं चित्र

जीवरामभाऊ केळीच्या मळ्यातून जेवायला येण्याआधीच लताबाईंना बहिणीकडे जायला एरंडोलची एसटी गाठायची होती. नव्या टॅबखाली त्यांनी नवऱ्यासाठी घाईघाईने चिठ्ठी ठेवली:

अहो, कुंदन रुसलेला नाही. ‘मळा सोडून दुबईला पळालास’ असं तुम्ही त्याला बोललात, तेव्हापासून त्याचा फोन नाही, म्हणून तुम्हाला घास गिळवत नाही, ते मला दिसतंय. पण चूक माझी आहे. टॅबवर विमानाचं चित्र दिसलं. लेक विमानाने गेला, म्हणून वाटलं, त्यावर बोट ठेवलं की त्यालाच फोन लागेल. शेजारची मयुरी आत्ता हसून सांगून गेली, ‘काकू, विमान दाबलं की वायफाय बंदच होतं!’

भाकरी टोपल्यात आहे, भरीत झाकून ठेवलंय.

टॅबवर वरून खाली बोट ओढा आणि ते विमान परत दाबा. वायफाय येईल, मग त्याचा फोनही येईल. त्याचं तोंड बघायला जीव तुटतोय, तरी मी ते दाबलेलं नाही. मी घरात असले की तुम्ही टॅब माझ्या हातात देऊन अंगणात निघून जाता. आज तुम्हीच उचला. ‘कसा आहेस’ एवढं विचारलंत तरी त्याला पुरे. मलाही.