बैलबंडीचा नंबर

प्रिय मैत्री,

सप्रेम जयभीम. घरात मोबाइल असताना बाबा पत्र काऊन लिहून राह्यला, असं म्हणशील. तीनदा फोन लावला ना मी! तीनही वेळा तू इतकी खुशीत होतीस की, हैदराबादेत पाऊस आहे का, एवढंच विचारून ठेवून दिला. कागदाचं बरं असते, तो मधेच "बाबा, गोळी घेतली का?" विचारत नाही.

तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात. ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत चांगली आहे. तुझ्यासाठी तिनं ज्वारीच्या पापड्या वाळवल्या, त्यातल्या अर्ध्या मीच खाल्ल्या. हे तिला सांगू नकोस.

लोक विचारतात, तुमची पोरगी नेमकं करते काय? पहिले मी "कंपनीत आहे" म्हणून मोकळा होत होतो. आता थांबवून सांगतो. कारखान्यानं धूर किती कमी करायचा, हे मालकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही. पृथ्वी किती तापू द्यायची, याची हद्द शास्त्रज्ञांनी काढली आहे, आणि त्या हद्दीत राहायला कोणत्या कंपनीनं कोणत्या सालापर्यंत किती कपात करायची, ते माझी मैत्री लेखी ठरवून देते. ऐकणारा मान हलवतो आणि विचारतो, लग्नाचं काय? मग मी चहा मागवतो.

आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचं काम तुझ्याच ऑफिसकडे आलं, तेव्हा मी किती फुगलो होतो म्हणून सांगू! डोक्यावर पिवळी टोपी घालून तू फाटकावर आलीस आणि सगळ्यांसमोर मला, फाटकावर टोकन फाडणाऱ्या बापाला, "मुन्शीजी" म्हणालीस. हमाल आठ दिवस हसत होते. रात्री जेवताना तू समजावलं होतंस की कपात ज्या सालापासून मोजायची, ते पायाचं वर्ष आधी पक्कं पाहिजे. ते चुकलं तर पुढचे सगळे आकडे खोटे. मी वांग्याची भाजी वाढून घेत मान डोलावत होतो. त्या वर्षी कापूस घेऊन किती वाहनं आली, त्याची बेरीज तू मागितलीस आणि मी दुसऱ्या दिवशी काढून दिली.

आता ऐक. त्याच वर्षी फाटकावर कम्प्युटर नवा आला होता. गाडीचा नंबर टाकल्याशिवाय तो टोकनच देईना. ट्रॅक्टरला नंबर असते, बैलबंडीला कुठून असणार? जैनथकडच्या बंड्या पहाटेपासून उभ्या, बैल ओझ्याखाली, म्हातारी माणसं मला हात जोडत. मला पाहवेना. मी आपल्या उद्धवरावाच्या ट्रॅक्टरचा नंबर टाकला आणि टोकन फाडून दिलं. मग दुसऱ्या बंडीला तोच, तिसरीला तोच. अख्खा हंगाम हेच केलं. एकट्या उद्धवरावाच्या ट्रॅक्टरनं तीन हजारांवर खेपा मारल्या, आणि तो ट्रॅक्टर बिचारा दिवाळीपासून इंजिन खोलून गोठ्यात पडलेला! तू बेरीज मागितलीस तोवर मी हे पार विसरलो होतो. शपथ घेऊन सांगतो, माय, मनात पाप नव्हतं.

मागच्या आठवड्यात आमचे मॅनेजर सुधाकरराव यांनी सगळ्यांना बोलावून पडद्यावर तक्ता दाखवला. कापूस आणणाऱ्या वाहनांचा धूर तिसरा हिस्सा कमी झाला म्हणे. टाळ्या, पेढे, सोमवारी तुझा सत्कार, मलाही मंचावर खुर्ची. पेढा तोंडात टाकला आणि विचार केला, आवारात बदललं काय? त्याच बंड्या, तेच बैल. फक्त कम्प्युटरात यंदा "बैलबंडी" असा रकाना आला. म्हणजे जो धूर कमी झाला म्हणतात, तो माझ्या खोट्या नंबरांचा, कधी निघालाच नव्हता. तेवढ्यात सुधाकररावांनी सांगितलं की कपात होऊनच राह्यली आहे, तर छपरावरचे सोलर आणि नार्नूरला काढायचं खरेदी केंद्र सध्या राहू द्या. त्या केंद्रानं ट्रकच्या किती फेऱ्या वाचणार होत्या, ते तूच मला बोटांवर मोजून दाखवलं होतंस. दुसरा पेढा मी घेतला नाही.

घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "पोरीच्या कामात खोट नाय पायजे. बाकीचं पाहून घेऊ आपून."

काल सुधाकररावांकडे गेलो. माणूस वाईट नाही. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं. तीन साल जुनी गोष्ट आहे, कोणाला कळणार नाही, पोरीचं नाव कशाला खराब करता, असं समजावलं. शेवटी म्हणाले, "चंपतराव, हे लेखी दिलं तर मला तुमाले ठेवता येणार नाही."

मैत्री, मी तुला ओळखतो. हे तुला नुसतं कळलं असतं, तर तू आधी आकडा दुरुस्त करायला उठली असतीस, आणि मग बाबाची नोकरी आठवून खाली बसली असतीस. तसं बसायची पाळी मला तुझ्यावर आणायची नव्हती. म्हणून कालच त्यांच्या टेबलावर दोन कागद ठेवून आलो. वरचा माझा राजीनामा, खालची माझी जबानी, तारीखवार, दस्तखतासकट. जबानीची नक्कल सोबत आहे. सत्काराआधी तुझ्या हाती पडावी, म्हणून हे पत्र लिहिलं. आता वाचवायला बापाची नोकरीच उरली नाही, तेव्हा बिनघोर दुरुस्ती कर. सोमवारी ये मात्र. मला आत सोडणार नाहीत, मी फाटकाबाहेर उभा राहीन. आधी माझ्याकडे ये आणि सगळ्यांसमोर विचार, मुन्शीजी, त्या साली बंड्या किती होत्या?

तुझाच,
बाबा