चादरीसकट पुरलेली कादंबरी

आदरणीय वन्संना,

धाकट्या भावजयीचा शालोम आणि वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघंही धडधाकट आहोत, तुमचे बंधू तर नको तितके. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कुरकुरतो म्हणाला होतात. (चढताना गप्प असतो म्हणजे मूळचा आळशी नाही, नुसता तक्रारखोर आहे. घराण्यातच आहे ते.) तुमच्या घरच्यांचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर निदान तुम्ही तरी दुसऱ्या खोलीत निजत असाल अशी आशा करते. आमच्याकडची बातमी एव्हाना तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचली असणार, म्हणून मी ती बिनतिखटाची कळवते. मीठ थोडं राहील, त्याला इलाज नाही. एका वाक्यात सांगायचं तर गेल्या रविवारी तुमच्या भावाची कादंबरी आपल्या कबरस्तानात दफन झाली. आता पाणी प्या आणि पुढचं वाचा.

तुम्हाला ठाऊकच आहे, की वजनमापं निरीक्षकाच्या नोकरीतून सुटल्यावर माणसं बाग करतात, नातवंडं फिरवतात, गेला बाजार बायकोच्या स्वयंपाकात लुडबुड करतात. ह्यांनी कादंबरी धरली. वर्षानुवर्षं लिहीत होते. पहिल्या प्रकरणात नायक एका दुकानात शिरून तराजू तपासतो, आणि प्रकरण संपतं तेव्हाही तो तराजूच तपासत असतो. हे पहिलं प्रकरण गावात कुणी ऐकलं नाही असं नाही. दाताच्या डॉक्टरांनी ऐकलंय, ह्यांची दाढ दुखत नसताना. न्हाव्याने ऐकलंय. (खुर्चीतलं माणूस न्हाव्याच्या तावडीत असतं असं मी समजत होते, इथे न्हावी ह्यांच्या तावडीत सापडला.) दुसरं प्रकरण मात्र कुणीच ऐकलेलं नाही, कारण पहिल्यानंतर प्रत्येकाला काहीतरी आठवतं. खोटं कशाला बोलू, मलाही गॅसवरचं दूध आठवायचं. तेव्हा वन्सं, कादंबरीत पुढे काय आहे ते मला विचारू नका.

तरी पण एक सांगते. आपल्या समाजाने ज्यू लेखकांचा आणि त्यांच्या पुस्तकांचा महोत्सव भरवायचं ठरवलं, त्या दिवसापासून ह्या माणसाला झोप नव्हती. आपल्या माणसांनी आपलं पुस्तक एकदा हातात घ्यावं, उघडावं, दोन पानं उलटावीत, एवढंच त्यांना हवं होतं. नवा सदरा शिवून घेतला. सही गिरवायला बसले, तीही साठीनंतर. मी थट्टा केली खूप, पण आतून मलाही वाटत होतं की त्या दिवशी कुणीतरी यावं त्यांच्या टेबलाशी. कुणीच आलं नाही तर घरी परत आणताना त्या माणसाशी काय बोलायचं, हे मी मनात जुळवूनसुद्धा ठेवलं होतं.

महोत्सवाची समिती म्हणजे अध्यक्ष, चिटणीसबाई आणि भांडण. अध्यक्ष म्हणजे आपले बटणशेठ, ठोक बटणांचे व्यापारी. आयुष्यात त्यांनी वाचलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे झिपरची पावती, पण मंडप, खुर्च्या आणि आवाज त्यांचा. चिटणीसबाई शाळेच्या ग्रंथपाल, त्या वाचतात आणि म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. पहिलं भांडण झालं ते ज्यू पुस्तक कशाला म्हणायचं यावर. लेखक ज्यू हवा की पुस्तक? आपल्यातल्या एकाने नळदुरुस्तीवर पुस्तक लिहिलंय, ते ज्यू पुस्तक का? बटणशेठ म्हणाले, नळ गळतो तेव्हा तो कोणाचा आहे ते बघत नाही, आणि पुस्तक घेतलं. दुसरं भांडण ‘ज्यू विनोद’ नावाच्या परिसंवादावर झालं. त्यात वक्ते चार, अध्यक्ष एक, आणि हसायला वेळ ठेवलेला नव्हता. तुमच्या भावाला टेबल मिळालं ते पाण्याच्या पिंपाच्या आणि स्वच्छतागृहाच्या मधलं. हे म्हणाले, उत्तम, वर्दळ राहील.

आता मुख्य घोटाळा. तुमच्या तिकडे आपली चारच घरं, तेव्हा तुम्हाला बघायला मिळालं नसेल, म्हणून सविस्तर सांगते. देवाचं नाव लिहिलेलं पुस्तक झिजलं, फाटलं, तरी आपण ते रद्दीत देत नाही. साठवून ठेवतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी पांढऱ्या कापडात बांधून माणसासारखं कबरस्तानात पुरतो, प्रार्थना म्हणून, माती देऊन. ते काम माणसं पुरतात तेच करतात, म्हणजे आपले मातीकाका. (नाव सगळ्यांनी विसरून जमाना झाला. बँकेतसुद्धा मातीकाकाच म्हणतात.) बटणशेठना कल्पना सुचली, की महोत्सवाचं उद्घाटन ह्याच दफनाने करू, पुस्तकांबद्दलचा आदर दिसेल. चिटणीसबाई म्हणाल्या, पुस्तकांच्या सोहळ्याची सुरुवात अंत्ययात्रेने? पण फीत कापायचा खर्च वाचत होता.

तिकडे ह्यांच्या प्रती छापखान्यातून आल्या त्या आदल्या दुपारी. छापणाऱ्याने डिंकात फार पाणी घातलं होतं की पाण्यात थोडा डिंक, कळायला मार्ग नाही. पुठ्ठे सुटलेले, पानं खाली यायला टपलेली. खोकीही ओली निघाली. म्हणून मी (हो, मीच) सगळ्या प्रती घरातल्या जुन्या पांढऱ्या चादरीत घट्ट बांधल्या आणि सभागृहाच्या दाराशी ठेवून हात झटकले. त्याच दाराशी जुन्या प्रार्थना-पुस्तकांचं पांढरं गाठोडं ठेवलेलं होतं. एवढं सांगितल्यावर पुढचं तुम्हीही सांगाल.

मातीकाकांना दोष देऊ नका. ते पद्धतशीर माणूस. त्यांनी गाठ सोडून वरची प्रत उघडून पाहिली. तुमच्या भावाने हौसेने पहिल्याच पानावर हिब्रू आशीर्वाद छापला होता, त्यात देवाचं नाव. पुठ्ठा हातात आला. नाव आहे, पुस्तक मोडलंय, आणखी काय पाहिजे? त्यांनी प्रत डोळ्यांना लावली, ओठांना लावली, परत गाठ मारली आणि गाठोडं उचललं.

मग अख्खा समाज कबरीभोवती उभा राहिला. धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली. बटणशेठनी खड्ड्याकडे बघून पुस्तकं अमर असतात असं सांगितलं. एकेकाने माती दिली. वन्सं, तुमच्या भावाने तीन फावडी माती दिली! डोळे पुसले! मला म्हणाले, कोण कुठल्या लेखकाने रात्री जागून लिहिलं असेल बघ. मला खड्ड्यात चादरीच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीचा डाग ओळखीचा वाटला होता, पण म्हटलं, इस्त्री कुणाच्या घरी जळत नाही.

मग सभागृहात प्रमुख पाहुण्यांचं भाषण. पाहुणे बाहेरगावचे, साहित्याचे प्राध्यापक, आपल्यातले नव्हेत. भाषणाआधी त्यांनी टेबलांवरून एक चक्कर मारली होती, आणि ह्यांच्या टेबलावर तोवर कुणीतरी उरलेलं गाठोडं सोडून पुस्तकं मांडून ठेवली होती. प्राध्यापक म्हणाले, इथली एक नवी कादंबरी पाहून मी थक्क झालो. तुमच्या भावाची छाती फुगली. प्राध्यापक म्हणाले, मुखपृष्ठाला मुद्दाम वाळवीचं रूप दिलं आहे. छाती तशीच. प्राध्यापक म्हणाले, कादंबरी शेवटच्या पानापासून सुरू होते, आणि तिच्यात सगळे एकाच अदृश्य पात्राकडे सारखं काही ना काही मागत असतात. इथे छाती थांबली. हे उठले, टेबलाकडे धावले, आणि तिथे त्यांना सापडली आपल्या आजोबा-पणजोबांची, हिब्रूखाली मराठी अर्थ छापलेली, उजवीकडून उघडणारी, भोकं पडलेली प्रार्थना-पुस्तकं, आणि शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी, ‘लेखक सही करून देतील’.

कबरस्तानात हे पोचले तेव्हा मातीकाका फावडं धूत होते. उकरा, म्हणाले. मातीकाका म्हणाले, “साहेब, माझ्या हातून गेलेलं आजवर कुणी परत आलेलं नाही. पुस्तकांसाठी मी नवा पायंडा पाडू का?” तोवर सगळे जमले होते. (फुकटचा तमाशा कुणाला नकोय? प्राध्यापक सभागृहात रिकाम्या खुर्च्यांना पुढचं सांगत राहिले.) आपले धर्मगुरू तरुण आहेत, प्रश्न पडला की त्यांना खाऊ मिळाल्यासारखं होतं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, देवाचं नाव असलेलं पुस्तक प्रार्थनेसह मातीत गेलं, आता विक्रीसाठी वर काढायचं म्हणजे थोरामोठ्या धर्मगुरूंना विचारायला हवं. शिवाय पुस्तक मोडलेलं होतंच, तेव्हा दफन चुकलं असंही म्हणवत नाही. आपण दोन शब्द बोलून जाऊ या.

तुमच्या भावाचा चेहरा मला बघवेना. सगळ्या प्रती मातीखाली. छापखान्यातला मजकूर लग्नपत्रिकांना जागा करायला पुसून टाकलेला, आणि मूळ कागद छापणाऱ्याने कशाकशाला वापरले ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मला त्या चादरीचा, त्या छापणाऱ्याचा आणि स्वतःचा असा राग आला की फावडं घेऊन आपणच सुरुवात करावी. रडू येत होतं, सरळ सांगते.

आणि मग बटणशेठ बोलायला लागले. म्हणाले, अशी कादंबरी पुन्हा होणे नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते मी त्या दिवशी धारोष्ण बघितलं! दाताचे डॉक्टर म्हणाले, पहिल्या प्रकरणानंतर पुस्तक जी उंची गाठतं, तिला तोड नाही. (पहिल्या प्रकरणानंतर त्यांनी खिडकी गाठली होती.) न्हावी म्हणाला, ऐकताना माझा हात थरथरायचा, आणि हे खरं आहे, ह्यांच्या कानामागे अजून खूण आहे. एकेकजण पुढे आला, आपल्या रीतीप्रमाणे कबरीवर खडा ठेवला आणि पुस्तकाबद्दल चांगलं बोलला. गेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नसतं, ही सवय हाडीमांसी मुरलेली. कुणीतरी खुर्च्या आणल्या. ‘ज्यू विनोद’वाले चारही वक्ते आले आणि तिथे पहिल्यांदा लोक हसले. तुमचे बंधू आधी खाली मान घालून उभे होते. मग हळूहळू टोपी सरळ केली. मग चौथ्या वक्त्याला म्हणाले, जरा मोठ्याने बोला, मागे ऐकू येत नाही.

सर्वांत शेवटी चिटणीसबाई बोलल्या. म्हणाल्या, आणि बायकोवरचं ते पान! संसाराबद्दल इतकं खरं मी कुठे वाचलेलं नाही. सगळे हो हो म्हणाले. बाईंनी पुस्तक पाहिलेलंसुद्धा नव्हतं, त्यांची प्रत चादरीतच होती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्या दिवसापासून घरात सुतक आणि सण दोन्ही चालू आहे. शेजारच्या काकू दुखवट्याला आणतात तशी उकडलेली अंडी घेऊन आल्या, आणि हे ती मीठ लावून खाऊन मोकळे. रस्त्यात लोक थांबून हात हातात घेतात. थोरामोठ्यांचं उत्तर आलंय, उकरायला हरकत नाही. पण आता हेच नको म्हणतात. म्हणतात, कुठल्या लेखकाच्या वाट्याला एवढी माणसं येतात? रोज संध्याकाळी जाऊन खडे नीट मांडून येतात. मातीकाकांनी तिथली माती दाबून बसवलीय आणि वर पाणीही शिंपलंय, तेव्हा खाली आता जे असेल ते लगद्याच्याच जवळपास असेल.

एवढ्यावर हात आवरते, कारण हे फिरून येतील. गुडघ्याला शेक द्या, आणि घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
चादरवाली भावजय

ता. क. : छापून झाल्याबरोबर ह्यांनी छापखान्यातूनच एक प्रत तुम्हाला टपालाने पाठवली होती, ती आता जगातली एकमेव. दुसरी आवृत्ती काढायचं बटणशेठच्या मनात आहे, तेव्हा हे लवकरच तुमच्याकडे ती मागतील. वन्सं, हात जोडते, हरवली म्हणून सांगा. पुस्तक आज सगळ्यांना आवडतंय. वाचायला देऊन कशाला बिघडवायचं?

ता. क. २ : हरवली असं नुसतं सांगायचं, हरवायची नाही. मला पाठवा. घरच्या पत्त्यावर नको, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात, माझ्या नावाने. वरून खाकी कागद लावा, पांढरं कापड अजिबात नको.

ता. क. ३ : कारण विचाराल, म्हणून सांगते. चिटणीसबाईंनी ते बायकोवरच्या पानाचं ठोकून दिलं ना, तेव्हा तुमच्या भावाचे कान लाल झाले. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच बुटांकडे. खोटी वजनं पकडताना दुकानदारांनी ह्यांच्या अंगावर सुरे काढलेत, तेव्हाही ते कान असे झाल्याचं कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही पहिल्या प्रकरणापुढे गेला नसाल, घरचंच माणूस म्हणून. पण प्रत टपालात टाकायच्या आधी एकदा चाळा, आणि त्यात मी आहे की नाही तेवढं कळवा. कशी आहे ते नको, ते मी वाचेन. आहे की नाही, एवढंच.