नोगुची-सानांचा ट्रॅक्टर चालू होत नाही

इचिकावा (जपान), १२ ऑक्टोबर २०१५

श्री. मोरेश्वरराव यांस विश्वनाथचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाकतो का, आणि वाकत असेल तर पुन्हा सरळ होतो का, ते कळवावे. तुमच्या भगिनींना इथली हवा मानवली आहे (त्या रोज स्टेशनपर्यंत फिरून येतात आणि मला सोबत नेत नाहीत). माझेही बरे म्हणायचे. फक्त छाती धडधडते, आणि ती छातीच धडधडते की जमीन, हे इथे लवकर समजत नाही. चार वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपापासून सूनबाईंचा, म्हणजे अनघाचा, घरात नियम आहे की जरा हलले की आधी गॅस बंद करायचा आणि मग टेबलाखाली जायचे. मी खबरदारी म्हणून दिसेल ती तोटी बंद करतो. गेल्या आठवड्यात खालून नुसता मोठा ट्रक गेला होता, पण तेवढ्यात चिरंजीव अनुरागला अंगाला साबण लावून अर्धा तास मोरीत उभे राहावे लागले. असो.

पत्राचे कारण निराळे आहे. फोनच केला असता, पण या घरात फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात सगळ्यांनी मिळून ऐकायची पद्धत आहे.

आमच्या इमारतीमागे नोगुची-सान म्हणून ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत (सान म्हणजे आपल्या रावासारखे, मात्र हे बायकांनाही लागते). त्यांची नाशपातीची बाग आहे आणि बागेत अनुरागच्या वयाचा लाल ट्रॅक्टर आहे. भूकंपानंतर या आळीने दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी भूकंपाच्या तयारीची कवायत ठेवली आहे. तेव्हा हा ट्रॅक्टर पाण्याची टाकी आणि सुपाचे पातेले मैदानावर ओढून आणतो आणि दोनशे माणसे रांगेत उभी राहून सूप पितात. यंदा तो चालूच होईना. अनुरागने कौतुकाने सांगून टाकले की आमच्या बाबांची तीस वर्षे ट्रॅक्टरांत गेली. आता तुम्ही जाणताच, मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. तीस वर्षे ट्रॅक्टर माझ्यासमोर आले, उभे राहिले आणि गेले. लांबून बघून मी त्यांचे वजन सांगीन, पण पोटात काय आहे असे मी कधी कोणाला विचारले नाही. नोगुची-सान कमरेत वाकले म्हणून मी वाकलो, ते पुन्हा वाकले, मी पुन्हा वाकलो, आणि चौथ्या खेपेला अनघा म्हणाली, "बाबा, तुम्ही हो म्हणालात."

तपासणी मी रीतसर केली. किल्ली फिरवली की खुर्र खुर्र होते, पण पुढे काही नाही (माझा खोकला असाच आहे). प्रथम बॅटरीची टोके अनघाच्या चिंचेने घासली. ती सोन्यासारखी झाली, ट्रॅक्टर जागचा हलला नाही. मग हवेची जाळी काढून झाडावर आपटली. त्यात तीन नाशपाती पडल्या, झाडावरच्या शेवटच्या, त्या नोगुची-सानांनी मलाच भेट दिल्या. अनघा मध्ये उभी राहून भाषांतर करत होती.

"बाबा, ते विचारतायत, आजार काय आहे?"

"सांग, वय झालं."

"कोणाचं?"

हे तिने जपानीत विचारले की मराठीत, ते मी बघितले नाही. दसरा जवळ आहे म्हणून आगाऊ पूजा करून नारळही फोडला. पाणी नोगुची-सानांच्या बुटात गेले. ते आभारी आहेत असे अनघाने सांगितले.

शेवटी मी आपला कारखान्यावरचा उपाय काढला. आपल्याकडे ट्रॅक्टर उतारावर लावतात आणि सकाळी ढकलतात. इथे उतार नाही, पण माणसे आहेत. आळीतले अकरा म्हातारे कवायतीची पिवळी शिरस्त्राणे घालून, शिट्टी घेऊन आले. शिट्टीवर ढकलायचे, शिट्टीवर थांबायचे, आणि थांबले की सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानायचे. अशा रीतीने ट्रॅक्टर बागेच्या दुसऱ्या टोकाला पोचला, आणि मग बंदच्या बंद परत आणावा लागला. नोगुची-सान पूर्ण वेळ हसतमुख होते. एवढे हसणे मला बरे वाटले नाही.

सर्वांना नमस्कार सांगावा. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

आपला,
विश्वनाथ

ता. क. खरे सांगायचे ते राहिले. काल मी डिझेलची नळी सैल केली तर ती कोरडी. बोट फिरवत टाकीपर्यंत गेलो, तर टाकीखाली एक तोटी, आणि ती बंद. तेव्हा आठवले. मागच्या महिन्यात मी बाग बघायला गेलो असताना जमीन जराशी हलली होती. ती तोटी मीच बंद केली. आता उघडावी तर अकरा माणसांना तोंड कसे दाखवू? तरी आपण जन्मभर ट्रॅक्टरचे मिस्त्री आहात, आपण अनघाला फोन करावा आणि तिकडूनच ओळखल्यासारखे म्हणावे, की टाकीखालची तोटी बघा. माझे नाव घेऊ नये.

दुसरा ता. क. फोन करू नये. आज पहाटे ती तोटी गुपचूप उघडायला गेलो, तर नोगुची-सान आधीच तिथे आणि ट्रॅक्टर छान चालू. मला पाहून त्यांनी तो बंद केला, तोटी पुन्हा फिरवून बंद केली, शेडमधल्या कॅलेंडरवरच्या कवायतीच्या रविवारावर बोट ठेवले, मग माझ्यावर ठेवले, आणि किल्ली खिशात घालून वाकले. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पाहुण्याला चूक दाखवायची नाही, उलट दोनशे माणसांसमोर मीच तोटी फिरवून ट्रॅक्टर चालू करावा, असे त्यांनी योजले आहे. मी इतका वाकलो की पाठीत उसण भरली.

तिसरा ता. क. पत्र टपालात टाकायला जाता जाता बागेत डोकावलो आणि नेमकी जमीन हलली. हात सवयीने तोटीवर गेला आणि फिरवूनच आला. किती फिरवली, एकदा की दोनदा, ते घाबरल्यामुळे आठवत नाही. दांडी आता उभी आहे. उभी म्हणजे चालू की बंद, तेवढे उलट टपाली कळवावे.