मुलगा नाही असे सांगितल्याची नोंद रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. ग्राहक पडताळणी अधिकारी,
समुद्रपार खाते विभाग,
सेंट ऑर्विन आयलंड बँक,
सेंट ऑर्विन बेट.

अर्जदार : नीळकंठ विनायक पुणतांबेकर, सेवानिवृत्त लेखापाल, राहणार मिसरोद, भोपाळ.

विषय : चि. परीक्षित नीळकंठ पुणतांबेकर हा आमचा मुलगा असल्याचे मान्य होण्याबाबत, तसेच अर्जदार स्वतः असल्याचे मान्य होण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ज्यात अर्जदाराच्या नावापुढे "अस्तित्व सिद्ध नाही" असा शेरा आहे.

महोदय,

१. अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की, नातेवाइकाने आपले म्हणणे स्वतःच्या भाषेत व स्वतःच्या हस्ताक्षरात पाठवावे, भाषांतर बँक करून घेईल, असे आपण कळवले आहे. अर्जदाराची सारी नोकरी भोपाळच्या सरकारी कार्यालयात हिंदीतून "प्रार्थी निवेदन करता है" लिहिण्यात गेली. मराठीतून कार्यालयीन अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ असल्याने चूकभूल पदरात घ्यावी. अर्जात "मी" लिहू नये, असे अर्जदाराच्या पहिल्या साहेबांनी शिकवले होते. तो नियम येथेही पाळला आहे. त्यामुळे भाषांतर करणाऱ्यांनी गोंधळून जाऊ नये. अर्जदार म्हणजे हे पत्र लिहिणारा मनुष्य, आणि तो आहे.

२. अर्जदाराचा एकुलता एक मुलगा चि. परीक्षित हा विजेची उपकेंद्रे उभारणाऱ्या कंपनीत अभियंता आहे. कंपनी धाडील त्या देशात जायचे, काम संपले की पुढच्या देशात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसा प्रकार. प्रत्येक देशात नवे खाते उघडायचे आणि देश सोडल्यावर ते बंद करून घेण्यासाठी पत्रे लिहीत बसायचे, याला तो कंटाळला. म्हणून देश बदलला तरी जागचे हलणार नाही असे समुद्रपार, म्हणजे "ऑफशोअर", खाते काढायचे त्याने ठरवले. हा शब्द ऐकून अर्जदाराने आधी दाराला कडी लावली. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाने अशी खाती फक्त धाडींच्या बातम्यांत वाचलेली असतात. खालच्या मजल्यावरचे उदयराव तर जिन्यात भेटले की "काय म्हणतंय बेट?" असे विचारून डोळा घालू लागले. परंतु सगळे जाहीर करून, कर भरून, परदेशी नोकरी करणारे असंख्य लोक असे खाते ठेवतात, हे परीक्षितने पटवून दिले.

३. त्यानंतर बापलेकांनी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून, मुलीसाठी स्थळे पाहावीत तशा बँका पाहिल्या. एकीला सुरुवातीलाच एवढी ठेव हवी होती की ती असती तर परीक्षित घर सोडून गेलाच नसता. एकीने समक्ष यायला सांगितले. बेटावर यायला व्हिसा हवा आणि व्हिसासाठी त्याच बँकेचा दाखला हवा. एकीच्या संकेतस्थळावर नारळाचे झाड होते, पत्ता नव्हता. आपल्या माहितीपत्रकात मात्र असे लिहिले होते की, ज्या ग्राहकाला परदेशात स्वतःच्या नावाचा पत्ता नाही, त्याच्या मायदेशीच्या घरी बँकेचा माणूस न कळवता फोन करून खात्री करून घेतो. परीक्षित कंपनीच्या छावणीत राहतो. इतरांच्या घरी वीज नेणाऱ्या या मुलाच्या नावावर विजेचे बिलही नाही. अर्जदाराने तत्काळ निर्णय दिला की हीच बँक घे, जी घरी विचारपूस करते ती खानदानी. निवड अर्जदाराची होती, हे येथे नमूद करणे भाग आहे.

४. याच सुमारास अर्जदाराच्या वरच्या मजल्यावरील मंजूषाताई यांना एक फोन आला. त्यांचा मुलगा निनाद रडत होता, मला पकडले आहे, सोडव म्हणत होता. आवाज हुबेहूब निनादचा. ताईंनी बँकेत जाऊन ठेव मोडली आणि सांगतील त्या खात्यात भरली. खरा निनाद त्या वेळी पुण्यात दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडून बसला होता. या घटनेने सगळी इमारत हादरली. मग बिट्टन मार्केटजवळच्या सभागृहात भोपाळच्या मराठी मंडळींसाठी कु. मधुरा नावाच्या हुशार मुलीचे व्याख्यान झाले. तिने सांगितले की, "बँकेतून बोलतो" म्हणणारा प्रत्येक जण चोर समजा. मुलाबाळांविषयी विचारले तर मुले नाहीत म्हणून मोकळे व्हा. हल्ली यंत्र माणसाचा आवाज काढते, म्हणून घरात खुणेचा एक शब्द ठरवा. तो सांगता आला नाही तर खुशाल फोन ठेवा. आणि शेवटी म्हणाली, "आवाज जितका खरा वाटेल, तितका तो खोटा समजा." हे वाक्य सौ. सुहासिनी, म्हणजे अर्जदाराची पत्नी, यांनी भाजीच्या यादीमागे लिहून घेतले.

५. अर्जदाराने घरी त्याचा सराव घेतला. तो स्वयंपाकघरातून फोन लावून हिंदीत धमकावीत असे आणि सौ. सुहासिनी बाहेरच्या खोलीतून सगळे नाकारीत असत. सुरुवातीला त्यांना हसू येई, मध्येच "आलाच आहात तिकडे तर चहाचं आधण ठेवा" म्हणत. हळूहळू त्या इतक्या तयार झाल्या की अर्जदारालाच क्षणभर वाटे, आपण चुकीच्या घरी फोन लावला. खुणेचा शब्दही ठरला. तो फोनवर सांगणे धोक्याचे असल्याने परीक्षित दिवाळीला आला की कानात सांगायचा होता. दिवाळीत त्याला रजा मिळाली नाही. तो शब्द सुरक्षेच्या कारणास्तव या अर्जातही लिहिता येत नाही.

६. यानंतर आपल्या बँकेचे फोन आले, तेही हिंदीतून, अनोळखी क्रमांकावरून आणि नेमके सौ. सुहासिनींच्या मोबाइलवर. अर्जदाराच्या कल्पनेत गोरा साहेब इंग्रजीत त्यालाच विचारणार होता.

पहिल्या वेळी "माताजी, बैंक से बोल रहे हैं, आपके बेटे परीक्षित के बारे में" एवढे ऐकताच सौ. सुहासिनींनी "हमारा कोई बेटा-वेटा नहीं है, भैया" असे ठणकावून फोन ठेवला.

दुसऱ्या वेळी त्यांना नीळकंठजींना फोन देण्यास सांगण्यात आले. त्या वेळी अर्जदार त्यांच्यासमोर बसून मटार सोलत होता. "इस नाम का यहाँ कोई नहीं रहता" असे त्यांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितले, आणि अर्जदाराने मटार खाली ठेवून अंगठा उंचावून शाबासकी दिली. अर्जदाराचे अस्तित्व आपल्या दप्तरातून गेले ते या वेळी, आणि त्याच्याच संमतीने.

७. तिसरा फोन मात्र अर्जदार घरी नसताना आला. तो बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी आणायला गेला होता. घरचे लोक आपल्याला नाकारतात हे आपण परीक्षितला कळवले होते. चुकीचा नंबर लागत असेल असे वाटून त्याने, पुढच्या वेळी मलाही फोनवर घ्या, अशी विनंती केली होती. आधी घरी सांगायचे नाही ही आपली अट त्याने पाळली. लहानपणापासून तो अटी पाळणारा आहे. आपल्या बँकेच्या हिंदी बोलणाऱ्या दुभाष्याने प्रश्न विचारला, नेहमीचे उत्तर आले, आणि मग पलीकडून आवाज आला, "आई, मी आहे."

सौ. सुहासिनींनी खुणेचा शब्द विचारला.

त्याला तो माहीत असण्याचे कारणच नव्हते. तरी तो एकेक सांगत राहिला. त्याने मांजरीचे नाव सांगितले. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमागे जांभळाचे झाड होते, त्यावरून पडून हनुवटीला खोक पडली होती, ती सांगितली. थंडीत आई गराडूचे, म्हणजे इकडच्या एका कंदाचे, काप तळते तेव्हा पहिला काप देवाला न दाखवता कोणाच्या हातावर ठेवते, तेही सांगितले. सगळे बरोबर होते. त्यात तो शब्द नव्हता. शेवटी तो "आई, अजून काय सांगू?" म्हणाला, तेव्हा सौ. सुहासिनींनी फोन ठेवला. ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहेच.

८. अर्जदार पिशवी घेऊन परतला तेव्हा त्याला हा वृत्तान्त समजला आणि त्याने पत्नीचे तोंड भरून कौतुक केले. त्या जेवल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अहो, त्या चोराला एवढं सगळं कसं माहीत?" इंटरनेटवर हल्ली सगळे सापडते, असे अर्जदाराने उत्तर दिले. जांभळाचे झाड इंटरनेटवर नाही, हे त्याला त्या वेळी सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षितचा संदेश आला : "बाबा, काल फोनवर मीच होतो." अर्जदाराने तो वाचला आणि पत्नीला वाचून दाखवला.

९. परीक्षित रागावलेला नाही. रागावला असता तर बरे झाले असते, रागावलेल्या मुलाला समजावता येते. तो आता अर्जदाराच्या मोबाइलवर फोन करतो आणि आईने घेतला की आधी आपला पासपोर्ट क्रमांक सांगतो, सावकाश, एकेक आकडा सुटा. मग "जेवलो, बरा आहे" म्हणतो. अर्जदाराला ती थट्टा वाटली म्हणून तो हसला. पण ती थट्टा नाही. तुला भीती वाटायला नको, म्हणून सांगतो, असे त्याने आईला शांतपणे सांगितले. असे करू नकोस म्हटले तर म्हणतो, "नाही आई, तुझं बरोबर होतं, काळजी घ्यायलाच हवी." खुणेचा शब्द आम्ही रद्द केला आहे, तरी क्रमांक चालूच आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाविरुद्ध तक्रार करणार?

१०. चौथ्या वेळी आपला फोन येईल तेव्हा नकार देणाऱ्या व्यक्तीनेच तो मागे घ्यावा, अन्यथा लेखी निवेदन द्यावे, असे आपण म्हणता. सौ. सुहासिनी आता अनोळखी फोन घेत नाहीत. वाजला की उठून गॅलरीत जातात, थांबेपर्यंत कुंड्यांतली वाळकी पाने काढत बसतात. कुंड्यांत आता वाळके पान उरलेले नाही. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात, पण इथे दूध मंजूषाताईंचे होते आणि तोंड आमचे पोळले. म्हणून हे लेखी निवेदन.

११. नकार का दिला, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर आले आहे. पुराव्यादाखल कागदपत्रे जोडली आहेत. त्यांत अर्जदाराचा हयातीचा दाखलाही आहे. तो पाहून सरकारी कोषागार दर वर्षी अर्जदार जिवंत असल्याचे मान्य करते आणि निवृत्तिवेतन देते, आपणही करावे. खाते उघडणे न उघडणे आपल्या मर्जीवर आहे. ते न मिळाल्यास परीक्षित पुन्हा देशोदेशी खाती उघडत फिरेल, त्याला सवय आहे. परंतु भीक नको पण कुत्रा आवर, अशी आमची गत झाली आहे. या मुलाला आई नाही आणि बाप नाही, असे जगाच्या पाठीवर एका बेटावर लिहून ठेवलेले आहे. तेवढी नोंद कृपया पुसावी. अर्जदाराने चाळीस वर्षे नोंदी केल्या. चुकीची नोंदसुद्धा खोडल्याशिवाय आपोआप जात नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसेल.

१२. "आपण ग्राहकाला कशावरून ओळखता?" या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सौ. सुहासिनी यांनी द्यायचे आहे. त्यांनी सांगितलेले कार्यालयीन भाषेत बसवण्याचा अर्जदाराने पुष्कळ प्रयत्न केला, जमले नाही. म्हणून पुढील मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आहे.

"साहेब, परीक्षित आई म्हणायच्या आधी जरासा थांबतो. लहान होता तेव्हापासून. काही हवं असलं, कुठे लागलं, काही चुकलं, की दारात येऊन आधी थांबायचा आणि मग आई म्हणायचा. त्या दिवशी फोनवर पण थांबला. मी तेव्हाच ओळखलं. हे मी आमच्या ह्यांना पण आजपर्यंत सांगितलं नव्हतं. ओळखलं म्हणूनच शब्द विचारला, ओळखलं म्हणूनच फोन ठेवला. मधुराने सांगितलं होतं ना, जितका खरा वाटेल तितका खोटा. मला तर इतका खरा वाटला की खोटाच धरावा लागला. त्याला वाटतंय, आईने आपल्याला ओळखलं नाही. मी सांगितलं तर म्हणतो, असू दे आई, आणि परत नंबर सांगतो. तुम्ही बँकवाले सगळं तपासून लिहिता, तुमचं तो खरं मानेल. त्याला तुमच्या कागदावर लिहून कळवा की आईने पहिल्या हाकेलाच ओळखलं होतं. आणि म्हणावं, नंबर सांगू नकोस. नुसता थांबत जा. मला कळतं."

तरी वरील दोन्ही प्रश्नांची उत्तरे ग्राह्य धरून, खात्याचे काय ते सवडीने ठरवावे, पण चि. परीक्षितला द्यायचा निरोप आधी पोचवावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
(सही)
नीळकंठ विनायक पुणतांबेकर
(सही)
सौ. सुहासिनी नीळकंठ पुणतांबेकर, आई

मिसरोद, भोपाळ
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१. चि. परीक्षितचा जन्मदाखला.
२. अर्जदाराचा हयातीचा दाखला.
३. शिवाजी नगरच्या क्वार्टरमागचे छायाचित्र. झाडावर परीक्षित आहे. खाली हात पसरून उभा आहे तो अर्जदार. सौ. सुहासिनी छायाचित्र काढत असल्याने दिसत नाहीत.