तांब्यावर तांब्या

भूगाव, ता. मुळशी, जि. पुणे
१८ फेब्रुवारी २००८

तीर्थरूप आईच्या चरणी विश्रामचा आदरपूर्वक नमस्कार.

मी आणि तुझी सून मेधा, दोघे सुखरूप आहोत. तेलाने तुझ्या गुडघ्यांना आराम पडला का? नातीकडून हे पत्र सावकाश वाचून घे.

त्र्याण्णवच्या भूकंपात आप्पांना घराच्या ढिगाऱ्यात शोधताना मुरगळलेला माझा घोटा अजूनही सपाट रस्त्यावर दगा देतो. परवा एका संशोधनासाठी पुण्यात माझी तपासणी झाली. डोक्याला तारा लावून, डोळे मिटायला सांगून मला एका पायावर उभे केले. तोल सावरला नाही. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, घोटा केव्हाच भरलाय. पण नुसतं उभं राहायला तुमचा मेंदू केवढा राबतोय! जमिनीवर त्याचा भरवसाच नाही."

मी हसून वेळ मारून नेली. डोळे मिटताच दगडांखालून आप्पांची हाक ऐकू आली होती, हे तिला सांगितले नाही. मेधालाही नाही.

जमीन हलली तर आवाजाने जाग यावी, म्हणून तू उशाशी तांब्यावर तांब्या रचतेस. त्यावरून मी तुला हसत असे. "स्लॅबखाली मला न्हाई झोप लागत, बाबा," असे म्हणून तू इथे येणे टाळलेस, तेव्हा रागावलोही होतो. आता रागावणार नाही.

पत्र्याच्या छपराचे, दार थेट अंगणात उघडणारे एक बैठे घर येथे पाहून ठेवले आहे. मेधाची संमती आहे. तू ये. मात्र घरातले चारही तांबे बरोबर आण. दोन माझ्या उशाशी लागतील.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
विश्राम